डाव्या तळहातातली डबी

बीडच्या कोर्टात टायपिस्ट म्हणून मी उभी हयात घालवली. पंचनामे, जबाब, निकाल आणि त्यांच्या नकला. किती मुडदे माझ्या बोटांखालून गेले याची गणती नाही. ओळखीच्या बायका विचारायच्या, हे सगळं वाचून तुला जेवण कसं जातं गं? मी म्हणायची, वाचतंय कोण? बोटं टाइप करतात, डोळे कागदावर असतात आणि डोकं घरच्या भाजीत असतं. हे मी मोठ्या तोऱ्यात सांगायची. आता आठवलं की लाज वाटते.

निवृत्त झाल्यावर घरीच लोकांचे अर्ज टाइप करून द्यायला लागले. मागच्या उन्हाळ्यात एक बाई आली. पन्नाशी ओलांडलेली, रापलेला चेहरा, हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कोर्टाच्या शिक्क्याच्या नकला. वडवणीहून आली होती. तिचा बाप विहिरी खोदायचा. फार वर्षांपूर्वी तलवाड्याच्या शिवारात एक खून झाला आणि त्यात पोलिसांनी त्याला धरलं. बरेच महिने आत ठेवला, मग पुरावा नाही म्हणून सोडून दिला. खुनी कोण ते आजपर्यंत लागलं नाही. कागदावर तो सुटला, पण गावात नाही सुटला. त्याला कुणी विहीर खोदायला बोलवेना, पाणवठ्यावर कुणी उभं करेना. शेवटी बायकोला घेऊन तो वडवणीला आला आणि मिळेल ते काम करत राहिला.

"बाप आता हातरुनाला खिळलाय, मॅडम," ती म्हणाली. "रोज येकच बोलतोय. माज्या कागदात काय लिवलंय ते कुनाकून तरी वाचून आन. मरायच्या आदी मला आयकायचंय."

तलवाडा हे माझं माहेर. तो खून मला माहीत होता, म्हणजे लहानपणी जितपत कळतं तितपत. मेलेला माणूस आमच्याच भावकीतला, धान्याचा व्यापारी. एक दिवस तो घरातून गेला तो गेलाच. दोन-तीन वर्षांनी गावाबाहेरच्या एका अर्धवट विहिरीत त्याची हाडं सापडली. काळा पाषाण लागला म्हणून त्या विहिरीचं काम मधेच थांबलं होतं. पुन्हा सुरू झालं, तेव्हा ढासळलेला मुरूम उपसताना याच विहीरवाल्याला ती दिसली. त्यानेच वर येऊन सांगितलं आणि त्यालाच धरलं. तुला बरं सापडलं, असा एकंदर न्याय.

इतक्या जुन्या फायलीची नक्कल मिळाली याचंच मला नवल वाटलं. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये वाळवीला कुणी अडवत नाही. मी चष्मा लावला आणि तिला वाचून दाखवायला लागले.

पंचनामा ज्या जमादाराने लिहिला होता त्याला मी हात जोडीन. त्याने जे दिसलं तेच लिहिलं होतं, आपली अक्कल मधे घातली नव्हती. विहिरीच्या एका अंगाला, मुरमात खोदलेला कोनाडा. कोनाड्याच्या तोंडाला चपटा दगड. आत सांगाडा. पायांची हाडं मांडी घातल्यासारखी एकमेकांवर. कवटी मागून फुटलेली आणि पुढे छातीवर आलेली. उजव्या हाताची हाडं गुडघ्यावर. डाव्या हाताच्या हाडांत चांदीची डबी, डबीचा दोरा न तुटलेला, गाठ सोडलेली, दोरा मनगटाच्या हाडाला गुंडाळलेला. मांडीच्या आणि बुडाच्या ठिकाणी ओंजळ दोन ओंजळ पांढरी भुकटी, काही ठिकाणी तिचे खडे.

त्याच्यामागे फौजदाराचा अहवाल होता आणि त्यात मात्र अक्कलच अक्कल होती. फौजदार लांबून बदलून आलेला. त्याने प्रत्येक गोष्टीचा अर्थ लावला होता. कोनाडा खोदणं विहीरवाल्याच्याच हातचं काम. प्रेत मावेना म्हणून पाय दुमडले. लुटारूने डबी हिसकू नये म्हणून मयताने ती शेवटपर्यंत मुठीत धरली. भुकटी म्हणजे विहिरीच्या बांधकामाचा चुना, वास येऊ नये म्हणून टाकलेला. चारही बोटं एकाच माणसाकडे.

मी वाचत होते आणि माझा आवाज हळूहळू बारीक होत होता. कारण आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, समाधी देतात. खड्डा घेतात, खड्ड्याच्या एका अंगाला कोनाडा काढतात आणि त्यात माणसाला मांडी घालून बसवतात. जन्मभर गळ्यात असलेलं लिंग, चांदीच्या डबीतलं, गळ्यातून काढून त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. खाली-वर विभूती आणि मीठ घालतात. माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, माती दिली तेव्हा मी काठावर उभी होते. जंगमांनी, म्हणजे आमच्या पुरोहितांनी, दोऱ्याची गाठ सोडली, लिंग तळहातावर ठेवलं आणि निसटू नये म्हणून दोरा मनगटाला गुंडाळला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

म्हणजे ज्याने कुणी त्या माणसाचं डोकं मागून फोडलं, किंवा निदान ज्याने त्याला विहिरीत नेऊन लपवलं, त्याने त्याला समाधी दिली होती. लुटारू दोरा तोडतो. गाठ सोडत बसत नाही. ते आमच्यातल्याच कुणाचं तरी काम होतं. मारताना हात कचरला नाही, पण लिंगाशिवाय पुरायला धजावला नाही.

 पण खरा घाव पुढेच होता. खात्री करायला मी पंचनाम्याचं शेवटचं पान पुन्हा उलटलं. पंचनाम्याखाली दोन पंचांच्या सह्या होत्या. एक सही मला ओळखता आली नाही. दुसरी मी डोळे मिटूनही ओळखली असती. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तीच असायची. आप्पांची.

"काय झालं, मॅडम?" बाईने विचारलं.

"काही नाही. जुनं अक्षर आहे, लागत नाही पटकन."

"माज्या बापानं मारलं आसं लिवलंय का?"

"नाही. तसं लिहिलेलं नाही. संशय आहे, पुरावा नाही."

हे खरं होतं आणि तरी ती चोरी होती. ती मला नमस्कार करून गेली. जाताना म्हणाली, लई उपकार झाले. मी दार लावलं.

मी स्वतःला बजावलं की यात आपण पडायचं नाही. पंचांना काय, पोलिस जिथे सांगतील तिथे सही करावी लागते. आप्पा बिचारे दुकानदार माणूस, घाबरले असतील. आठ दिवस मी अशी मनाची समजूत घालत होते आणि ती काही केल्या पटत नव्हती. मग त्या बाईचा फोन आला.

"मॅडम, बाप इचारतोय, ती पांढरी भुकटी कशाची म्हनून लिवलीय?"

"चुना लिहिलंय," मी म्हणाले.

पलीकडे ती बापाला ओरडून सांगत होती. मग परत फोनवर आली. "त्यो म्हनतोय, माज्याकडं तवा चुना कुटून येईल? पानी लागल्याबिगर कुनी हिरीचं बांदकाम काडतं का? खनती चालू आसताना चुना आनतच न्हाईत."

इतकी साधी गोष्ट. ती फौजदाराला माहीत नव्हती, ठीक. पण तलवाड्यात एकालाही माहीत नव्हती? आणि त्याच क्षणी मला डबा आठवला. विभूतीचा.

आमच्या किराणा दुकानात डाव्या फळीवर पत्र्याचा एक डबा असायचा, त्यात विभूतीचे पांढरे गोळे. गावातली लिंगायत घरं विभूती आमच्याकडूनच न्यायची. मी शाळेतून आले की आप्पा त्यातला एक खडा घेऊन माझ्या कपाळाला लावायचे. एका वर्षी तो डबा फळीवरून गेला. मी विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, उंदरं लागली. विभूतीला उंदीर लागतात हे मी सात वर्षांच्या अकलेने खरं मानलं आणि पुढे कधी त्याचा विचारही केला नाही.

मी तलवाड्याला गेले. दुकान आता दादा चालवतो, माझा थोरला भाऊ. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मी नक्कल त्याच्यासमोर ठेवली आणि आप्पांची सही दाखवली. त्याने नुसती नजर टाकली आणि कागद उलटा करून ठेवला.

"कावून आनलंस ह्ये?"

"विभूतीचा डबा का काढला होता रे आप्पांनी?"

तो एकदम पांढरा पडला. त्यावरून मला कळलं की तोही इतकी वर्षं मूग गिळून बसला होता. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. पंचनामा करून आप्पा घरी आले, जेवले नाहीत, आणि डबा उचलून त्याच्या हातात दिला. माळ्यावर टाक म्हणाले, पुन्हा खाली आणायचा नाही. बस, एवढंच त्याला ठाऊक होतं. बाकीचं त्याने मोठा होता होता जुळवलं होतं.

"आप्पानं कुनाला मारलं न्हाई," तो म्हणाला.

"मी कुठं म्हणते मारलं? पण त्यांना कळलं होतं. बघताक्षणी कळलं असणार. आणि त्यांनी सही करून तो माणूस आत जाऊ दिला."

"मंग काय करायला पायजे व्हतं? सांगायला पायजे व्हतं का, की आमच्यातल्यानंच मारला? वहीम त्या व्यापाऱ्याच्या घरावरच गेला आसता, आन त्या घरची मानसं तवा बी मोठी व्हती आन आज बी हायत. आमचं दुकान त्यांच्याच गल्लीत हाय. आन तू कोन लागून गेलीस? कोर्टात बोटं आपटून आपटून वकील झालीस का?"

हे मला लागलं. मीही काही कमी बोलले नाही. नाकाने कांदे सोलू नकोस म्हणाले, आप्पांच्या तसबिरीला रोज हार घालतोस तो याच्यासाठीच का म्हणाले. भाऊबहिणीला शोभणार नाही असं बरंच काही. शेवटी तो काउंटरवर हात ठेवून खाली बसला. त्याचे डोळे भरले होते.

"मेलेल्या मानसाची आब्रू जाईल, बाई," तो म्हणाला. "जित्याला काय मिळनार हाय त्यातून?"

मी नक्कल परत पिशवीत घातली. खरं सांगायचं तर मला आप्पांचा रागही येत नव्हता नीट. मला आठवत होतं ते कपाळाला लागणारं त्यांचं बोट. ज्या बोटाने विभूती लावली त्याच हाताने सही केली, हे दोन्ही एकाच माणसाचं, हे मला पेलत नव्हतं. आजही पेलत नाही.

घरी येऊन मी प्रतिज्ञापत्र टाइप केलं. कोनाडा, मांडी, डबी, दोरा, भुकटी, एकेका वस्तूचा आमच्यात काय अर्थ होतो ते मुद्देसूद लिहिलं. खून कुणी केला ते मला माहीत नाही, असंही लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याचा मजकूर न उतरवता स्वतःचा लिहीत होते आणि चार वेळा कागद फाडला.

वडवणीला गेले तो बाजाराचा दिवस होता. स्टँडपासून घरापर्यंत भाज्यांची आणि भांड्यांची पालं. बाईचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खाटेवर तिचा बाप पडलेला. अंग वाळून गेलेलं, पण हात मात्र भलेमोठे, दुसऱ्याच कुणाचे लावल्यासारखे. मी येणार म्हणून शेजारपाजारची चार माणसं जमली होती. मी माझं माहेर सांगितलं, आप्पांची लेक म्हणून सांगितलं.  बाई माझ्याकडे बघतच राहिली. तिला हे मी आधी सांगितलं नव्हतं.

मी पिशवीतून कागद काढला. म्हाताऱ्याने हात हलवला.

"कागूद ऱ्हाऊ दे. कागदानंच घात केला माजा. तू तोंडानं बोल."

मग तोच बोलला. थांबत थांबत, श्वास घेत.

"हाडं दिसली तवा मी पोलिसाकडं न्हाई गेलतो. आदी तुज्या बापाकडं गेलतो. डबी दिसली ना हातात. म्हनलं, ह्यांचं मानूस हाय, ह्यांना सांगावं. तुमच्यातले खड्डे मीच खांदत व्हतो गं. कोनाडा किती हात घ्यायचा, मला ठाव व्हतं."

हे ऐकलं आणि माझ्या कोर्टात मुरलेल्या डोक्यात लख्खकन एक शंका आली. कोनाडा घ्यायचा कसा, हे याला माहीत होतं. म्हणजे फौजदार बरोबरही असू शकतो. म्हाताऱ्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तो हसला. त्याला दात नव्हते.

"तुला बी आलंच का मनात? आगं, मी खांदला आसता तर नीट खांदला आसता. त्यो कोनाडा आखूड व्हता. डोकं मावंना म्हनून मान दाबून बसवलं व्हतं. मुरूम बी आडवातिडवा खरवडलेला, पहारीचा घाव येक सरळ न्हाई. ज्यानं केलं त्याला बसवायचं ठाव व्हतं, खांदायचं न्हाई."

कवटी पुढे छातीवर आलेली. जमादाराने ते लिहिलं होतं. मी दोनदा वाचलं होतं, फौजदाराने वाचलं होतं, वरच्या साहेबांनी वाचलं असेल. ज्याला ते वाचता आलं असतं तो एकटाच माणूस कोठडीत होता आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. माझी मान खाली गेली. आपण एक क्षणभर का होईना पुन्हा त्याच्याकडेच बोट केलं, याची शरम वाटली.

"फौजदार आला," म्हातारा पुढे सांगू लागला. "मी त्येच्याम्होरं तुज्या बापाला म्हनलं, आप्पा, ह्ये तुमच्यातलं बसवलेलं दिसतंय, सायबाला सांगा की. फौजदार बी वळला त्येच्याकडं. म्हनला, काय हो, तुमच्यात असं बसवतात का?"

मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"तुज्या बापानं माज्याकडं बगितलं. मंग खाली बगितलं. आन म्हनला, न्हाई साहेब. आमच्यात आसं न्हाई."

बाहेर कुणीतरी वांग्याचा भाव ओरडत होतं.  माझ्या गळ्यात माझं लिंग होतं, पदराखाली. मी उभी राहिले. बसून बोलण्याचं ते नव्हतं.

"बसवतात," मी म्हणाले. "आमच्यात असंच बसवतात. मांडी घालून, डाव्या हातात लिंग देऊन. ती भुकटी चुना नव्हती, विभूती होती, आमच्याच दुकानातली असेल. माझ्या आप्पांना हे माहीत होतं आणि ते खोटं बोलले. तुम्ही खरं बोलला होतात."

शेजारच्या म्हातारीने तोंडाला पदर लावला. बाई भिंतीला टेकून रडत होती, आवाज न करता. म्हाताऱ्याने डोळे मिटले होते. मला वाटलं, झोपला. पण त्याने तो मोठा हात उचलला आणि मला जवळ बोलावलं.

"तवा तू केवडी व्हतीस?"

"सात वर्षांची."

"ही माजी पोरगी तवा पोटात व्हती," तो म्हणाला. "तुज्या बापानं येवडंच येक वाक्य बोललं आसतं ना बाई, तर मी सांजच्याला घरी गेलो आसतो."